खर्ड्याच्या माळावर घरची शाळा

अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीड व धाराशिव या जिल्ह्यांच्या शिवेलगत, खर्डा हे गाव आहे. जामखेडपासून ते सुमारे वीस-बावीस किलोमीटरांवर असेल. इतिहासाच्या पुस्तकात त्याचे नाव एका ओळीत येते आणि परीक्षा संपली की विस्मरणात जाते. ती ओळ मुलांस प्रत्यक्ष दाखवावी, असे मामंजींच्या मनात फार दिवस होते. तदनुसार गेल्या फाल्गुनात आम्ही पुण्याहून सहकुटुंब खर्ड्यास गेलो. सहकुटुंब म्हणजे मामंजी, सासूबाई, दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा, पाच मुले, आणि मुलांच्या हट्टामुळे गाडीत सामावून घेतलेला एक फुटबॉल.

या पाचांपैकी तिघे शाळेत जात नाहीत. ज्यास हल्ली ‘होमस्कूलिंग’ म्हणतात, तो मार्ग आमच्या घराने सहा वर्षांपूर्वी विचारपूर्वक पत्करला. पंतोजी घरी येऊन शिकवीत, तो काळ फार मागे पडलेला नाही; तेव्हा वाचकभगिनींस ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. सकाळी सातपासून अकरापर्यंत आमच्याकडे नेमाने अभ्यास चालतो. गणित व विज्ञान धाकट्या जाऊबाई पाहतात, इतिहास व संस्कृत मामंजींकडे आहे, आणि घरखर्चाची वही मुलांनीच लिहावयाची, ती सासूबाईंच्या देखरेखीखाली. एकट्या आईवर पडणारा भार एकत्र कुटुंबात असा चार जणांत वाटला जातो. दुपारी वाचन, शिवण, सुतारकाम, स्वयंपाकात मदत. सायंकाळी साडेपाचाला मात्र पुस्तके मिटतात आणि तिन्ही मुले मोजे, बूट व पाण्याच्या बाटल्या घेऊन फुटबॉलच्या मैदानाकडे धावत सुटतात.

हा फुटबॉल आमच्या अभ्यासातही शिरला आहे. जुन्या घडणीच्या काळ्यापांढऱ्या चेंडूवर बारा पंचकोन व वीस षट्कोन असतात. त्यांच्या कडा नव्वद आणि कोनबिंदू साठ भरतात. साठांतून नव्वद वजा करून बत्तीस पृष्ठे मिळविली की उत्तर दोन येते. आणि ऑयलरचा हा नियम घनालाही लागू पडतो, हे थोरल्याने आगपेटीच्या काड्या व मातीच्या गोळ्या जोडून स्वतः पडताळून पाहिले. मोठ्यांच्या चेंडूचा परीघ ६८ ते ७० सेंटीमीटर असतो, लहानांना त्याहून लहान चेंडू देतात. तेवढ्यावरून व्यास काढण्याची उदाहरणे कितीतरी दिवस पुरली.

घरच्या शिक्षणाविषयी आप्तेष्ट जे प्रश्न विचारतात, त्यांपैकी दोन विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला कायद्याचा. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे असे ठरविले. त्यात घरी शिकविण्याचा स्पष्ट उल्लेख नाही. परीक्षेची सोय मात्र आहे. चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीस बसता येते.

दुसरा प्रश्न याहून खोल आहे: ‘या मुलांना सोबती कोठून मिळणार?’ शाळेत चाळीस मुलांत बसून जे भांडण, जो समेट, जी हार अंगवळणी पडते, ती घरच्या ओसरीवर मिळत नाही. भावंडांत हरले तरी आजी पोटाशी धरते. मैदानावर तसे होत नाही. आमच्या मुलांच्या संघात डॉक्टरांची मुलगी आहे, रिक्षा चालविणाऱ्यांचा मुलगा आहे, आणि गोलरक्षकाची आई चार घरी पोळ्या करते. शिक्षक शिट्टी वाजवितात तेव्हा कोण कोणाच्या घरचे, याचा हिशोब राहत नाही. तरीही एक दार बंदच आहे. १९६० पासून चालत आलेली सुब्रतो चषकाची स्पर्धा शाळांची. ज्यास शाळाच नाही त्याने कोणाच्या वतीने उतरावे? अशा मुलांना क्लबांच्या स्पर्धांवरच समाधान मानावे लागते. थोरल्याला ही गोष्ट लागून राहिली आहे, आणि ती आम्ही त्याच्यापासून लपविलेली नाही.

जामखेड तालुक्यात शिरल्यावर वाट थोडी वाकडी करून आम्ही आधी चौंडीस गेलो. १७२५ मध्ये अहिल्याबाईंचा जन्म येथे झाला. मुलींना अक्षर शिकविण्याची रीत नव्हती, त्या काळी वडील माणकोजी शिंदे यांनी त्यांस घरीच लिहावयास-वाचावयास शिकविले, असे परंपरा सांगते. पुढे इंदूर संस्थानाचा कारभार त्यांनी ज्या रीतीने चालविला, तो सर्वांस ठाऊक आहे. ‘म्हणजे अहिल्याबाईसुद्धा आमच्यासारख्याच!’ असे म्हणून धाकटीने मोठ्या ऐटीत सर्वांकडे पाहिले. मामंजी हसले व म्हणाले, “होय बाळ. पण खर्ड्यास पोहोचू दे. घरीच शिकलेला आणखी एक जण तेथे भेटावयाचा आहे.”

खर्ड्याचा किल्ला भुईकोट, चौकोनी बांधणीचा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास निंबाळकर सरदारांनी तो बांधला. दगडी तट भक्कम आहे व भोवती खंदक आहे. २०२१ च्या दसऱ्यास येथे ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वज उभारण्यात आला, तेव्हापासून गावाचे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले. तटावर उभे राहिले की चहूकडे ज्वारी काढून घेतलेली रिकामी शेते व उघडे माळ दिसतात. याच परिसरात ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजामअली यांची गाठ पडली.

तटाच्या सावलीत बसून मामंजींनी ती हकीकत सांगितली. चौथ-सरदेशमुखीची थकबाकी आणि निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क याची उद्दाम भाषा हे लढाईचे कारण. परशुरामभाऊ पटवर्धन मुख्य सेनापती होते; शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले असे सारे मोठे सरदार पेशव्यांच्या झेंड्याखाली जमले होते, आणि असे ते सारे पुन्हा कधी जमले नाहीत. युद्ध थोडक्यात आटोपले. रात्रीच्या गोंधळात निजामाने माघार घेऊन याच किल्ल्याचा आसरा घेतला व वेढा पडताच तह केला. दौलताबादचा किल्ला व मोठा मुलूख देण्याचे कबूल करून त्याने मुशीरुल्मुल्कालाही मराठ्यांच्या स्वाधीन केले.

या मोहिमेत खुद्द पेशवे हजर होते. सवाई माधवरावांचा जन्म १७७४ च्या एप्रिलात पुरंदरावर झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांचे असताना त्यांस पेशवाईची वस्त्रे मिळाली. वडिलांचा खून जन्मापूर्वीच झालेला, आई तीन वर्षांचे असताना गेली. त्यांचे सारे शिक्षण वाड्यात, नाना फडणवीसांच्या करड्या नजरेखाली झाले. शिक्षक उत्तम होते. विद्येत काही उणे ठेवले नव्हते. फक्त बरोबरीचा सोबती नव्हता. नात्याने चुलते पण वयाने काही महिन्यांनी लहान असे बाजीराव शिवनेरीवर नजरकैदेत होते. पेशव्यांनी त्यांच्याशी गुप्तपणे पत्रव्यवहार आरंभिला, तेव्हा नानांस सुगावा लागून तोही बंद पडला.

विजयानंतर तरुण पेशव्यांचा चेहरा उतरलेला पाहून नानांनी कारण विचारले. ग्रँट डफने त्यांचे उत्तर नोंदविले आहे. मोगलांनी इतक्या लाजिरवाण्या रीतीने शरण यावे, आणि आपल्या शिपायांनी विनासायास मिळालेल्या जयाची एवढी बढाई मारावी, यात दोन्हीकडची अवनती दिसते म्हणून आपणांस खेद होतो, अशा आशयाचे ते बोलणे होते. वीस वर्षांच्या मुलाचे हे शब्द! गेल्या पावसाळ्यात आमच्या मुलांनी एका दुबळ्या संघावर नऊ गोल चढविले, तेव्हा मैदानाच्या कडेला आम्ही मोठी माणसे नाचत होतो. ती गोष्ट मुलांस आठवली असावी. कारण थोरला बराच वेळ बोलला नाही.

पुढे काय झाले ते मामंजींनी थोडक्यात सांगितले. त्याच वर्षी १३ ऑगस्टला अहिल्याबाई निवर्तल्या. २५ ऑक्टोबरला सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जावरून खाली पडले, आणि दोन दिवसांनी त्यांचा अंत झाला. धाकटीने विचारले, “आजोबा, त्यांना खेळायला कोणीच नव्हते का?” त्या प्रश्नास आमच्यापैकी कोणी तत्काळ उत्तर दिले नाही.

उन्हे कलल्यावर मुलांनी किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या जागेत चेंडू काढला. शेळ्या राखणारे एक म्हातारे बाबा जवळ येऊन उभे राहिले.

“पावणं, कंच्या शाळंची पोरं ही?”

“यांची शाळा घरीच आहे, बाबा,” मामंजी म्हणाले.

“घरीच? मंग मास्तर कोन?”

“आम्हीच सगळे.”

बाबा थोडा वेळ थांबले. “माजा नातूबी घरीच हाये म्हना. आठ दिस झालं, ऊसतोडीवरनं आलाय. दिवाळीपास्नं शाळंचं त्वांड न्हाई बगितलं त्यानं.”

हे ऐकून आम्ही सर्वच गप्प झालो. या भागातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दर हंगामात हजारो कुटुंबे कारखान्यांच्या फडावर जातात व मुले त्यांच्यामागे जातात. मुले गावीच राहावीत म्हणून सरकारने हंगामी वसतिगृहांची योजना केली आहे. पण धाकट्या भावंडास सांभाळावयास कोणी हवे म्हणून कित्येकांस न्यावेच लागते. आमची मुले शाळेत जात नाहीत ती आम्ही निवडले म्हणून, आणि बाबांचा नातू जात नाही तो त्याला निवड नव्हती म्हणून. या दोहोंस एकच नाव देणे अन्यायाचे होईल.

बाबांनी हाक मारताच तो नातू आला, आणि त्याच्यामागून आणखी सात-आठ मुले. विटांचे गोल झाले. गाव विरुद्ध पाहुणे असा सामना न करता थोरल्याने आपण होऊन दोन्ही बाजू मिसळून वाटल्या. फडावर वाढलेला तो मुलगा अनवाणी असा धावे की आमच्या बूटवाल्यांस त्याला गाठता येईना. ऑफसाइडचा नियम समजावून सांगण्याचे काम धाकटीने घेतले. तो कोणासही समजला नाही आणि खेळ त्यावाचून उत्तम झाला. अंधार पडेपर्यंत किती गोल झाले, हे कोणी मोजले नाही. निघताना चेंडू मुलांनी तेथेच ठेवला. पूर्वी ठरलेले असे काही नव्हते.

ज्यांच्या घरी मुलांस घरी शिकविण्याचा विचार चालू असेल, त्यांस आमचे एवढेच सांगणे आहे. शिक्षकांची उणीव एकत्र कुटुंबात फारशी भासत नाही. पुस्तके व परीक्षेची सोयही होते. परंतु घराबाहेरचे, आपल्याहून निराळ्या घरांतले दहा-वीस सोबती आधी शोधावेत आणि मग शाळेचा दाखला काढावा. तो खेळ फुटबॉलच असावा असे नाही. कबड्डी असो, मल्लखांब असो, आपल्या गावी जे असेल ते चालेल. आणि शक्य झाल्यास मुलांना एकदा खर्ड्यास न्यावे. जामखेडहून एस. टी. मिळते, किल्ला पाहावयास अर्धा दिवस पुरतो. जाताना चेंडू घेऊन जावा.