अर्धपोटी बॅटरी

रत्नागिरी

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र परवा मिळालं. विनिपेगच्या थंडीत गाडी दोन दिवस सुरूच झाली नाही आणि दुकानदार म्हणतो बॅटरी बदला, हे वाचून राहवलं नाही. इतक्यात पैसे काढू नकोस, आधी माझं ऐक.

श्रावणात माझ्या गाडीनं हेच केलं. आईला चिपळूणला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. सकाळी साडेसहाला चावी फिरवली तर सेल्फ नुसता कण्हला, मग कट् कट्. आई छत्री मांडीवर घेऊन आत बसलेली. शेजारच्या दोघांनी धक्का मारून दिला, गेलो एकदाचे. वाटेत तिनं दोनदा विचारलं, "परतताना बंद नाही ना पडणार रे?" आणि मला ठामपणे 'नाही' म्हणता येईना. बॅटरी जेमतेम दहा महिन्यांची! तिच्या आधीचीही दीड वर्षात गेलेली. दोन्ही वेळा दुकानात नवीन बसवून दिली; जुनी का गेली ते कुणी पाहिलं नाही, याचा मला अजून राग येतो.

तिसरीही तशीच कुरकुरायला लागली, तेव्हा शेवटी आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या वायरमनकाकांना बोलावलं. त्यांनी पाना नाही, आधी मीटर काढला. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.१ व्होल्ट. "सहा घरं असतात बघ, प्रत्येकात दोनाच्या जरा वर. भरलेली असती तर १२.६ दाखवली असती. ही निम्मीच आहे." जंपर केबलचे चिमटे लावून इंजिन चालू केलं, दिवे नि ब्लोअर लावायला सांगितलं. बॅटरीवर १३.१. असायला हवेत चौदाच्या आसपास.

मला वाटलं, डायनामो गेला. काका काही बोलले नाहीत. मीटरचं लाल टोक त्यांनी डायनामोच्या मागच्या बोल्टवर ठेवलं, काळं त्याच्याच अंगावर. १४.२! म्हणजे तो बिचारा पोटभर वाढत होता, ताटात पोचत नव्हतं. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं डायनामोच्या अंगावर. तिथं ०.९ व्होल्ट अडकलेले. ०.२ च्या वर गेलं की अर्थिंगवर संशय घ्यायचा, असं काका म्हणाले.

इंजिनापासून चासीकडे जाणारी तांब्याची विणलेली पट्टी असते ना, ती आमच्या खाऱ्या हवेनं खाल्ली होती. बोल्टखाली हिरवट-पांढरी पूड, आणि निम्म्या तारा बोटांत चुरगळल्या. काकांनी नवी पट्टी लावली, बसायची जागा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केली, वर ग्रीसचा हात दिला. बॅटरीवर लगेच १४ दिसले. खर्च नव्या बॅटरीच्या पावपटही नाही.

बॅटरी सतत अर्धपोटी राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कण साचून कडक होतात. मग कितीही चार्ज करा, ते नीट विरघळत नाहीत. माझ्या दोन बॅटऱ्या अशाच उपाशी मेल्या.

तुझ्याकडे थंडीची भर. बॅटरीची ताकदच गारठ्यानं घटते, वर इंजिनातलं ऑइल घट्ट होऊन सेल्फला जोर जास्त लागतो. एक मात्र कळकळीनं सांगतो: पार उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल पाण्यासारखं पातळ होतं आणि शून्याच्या थोडं खाली गेलं तरी गोठू शकतं. डबा फुगलेला दिसला किंवा आत बर्फ असल्याची शंका आली, तर चिमटे लावूच नकोस, स्फोट होऊ शकतो.

शिवाय डायनामोचा पट्टा सैल आहे का, टर्मिनल घट्ट आहेत का, बघ. इंजिन चालू असताना पंधराच्या वर आकडा गेला, तर उलटा आजार, रेग्युलेटर बिघडलाय. तसं चालवत राहू नकोस. आणि मीटर विकतच घे, महाग नसतो.

मला तीन आकडे कळव: सकाळी इंजिन बंद असताना, सेल्फ मारताना आणि दिवे लावून इंजिन चालू असताना. मी काकांना दाखवतो. आईनं तुझी चौकशी केलीय; दिवाळीला येणार का, विचारतेय.

तुझाच