झेरॉक्स चालत नाही

साल्झबुर्गहून म्युनिकला परतताना गाडी फ्रायलासिंगला थांबली आणि गणवेशातले दोघे डब्यात चढले. 2024 चा नोव्हेंबर होता. वाळूजच्या आमच्या कंपनीनं मला सहा आठवड्यांसाठी म्युनिकजवळच्या कारखान्यात पाठवलं होतं. रविवारी खोलीत बसून काय करायचं, म्हणून ऑस्ट्रिया बघायला गेलो होतो. प्रवास दीड-दोन तासांचा, आपण वाळूजहून नगरला जावं तसा.

डब्यात पंचवीस-तीस माणसं असतील. कागद मागितले ते मला आणि मागच्या बाकावरच्या एका आफ्रिकन मुलाला. मी पाकिटातून झेरॉक्स काढली. पासपोर्टची, व्हिसाच्या पानाची, रंगीत, खाली माझी सही केलेली. आपल्याकडे एवढ्यावर निम्मी सरकारी कामं होतात. त्यानं ती उलटसुलट बघितली आणि शांतपणे विचारलं, मूळ प्रत कुठे आहे?

मूळ पासपोर्ट हॉटेलच्या कपाटात कुलपात होता. अब्बांनी निघताना बजावलं होतं की पासपोर्ट हरवला तर परदेशात माणूस कुणाचाच राहत नाही, तो घेऊन फिरू नकोस. मी ऐकलं.

मला उतरवून घेतलं. मुंबईत व्हिसासाठी दिली होती तीच बोटं पुन्हा यंत्रावर ठेवली. तासाभरानं खात्री पटली आणि पुढच्या गाडीनं जाऊ दिलं. कुणी आवाज चढवला नाही. नियमानं चूक माझीच होती, हे मान्य. पण तो तास मी फलाटाकडे बघत एवढाच विचार करत होतो की आता वाळूजला फोन करून काय सांगायचं.

युरोपात आतल्या आत सीमा नाहीत, हे मी ऐकून होतो, आणि ते खोटंही नाही. 14 जून 1985 ला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाशी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला आणि मार्च 1995 पासून नाके उठू लागले. आज त्यात 29 देश आहेत. पण तपासणी तात्पुरती परत आणायची सोय नियमातच आहे. ऑस्ट्रियाच्या बाजूनं जर्मनीनं ती सप्टेंबर 2015 मध्ये आणली. सप्टेंबर 2024 पासून तर जमिनीवरच्या सगळ्याच सीमांवर. तिथल्या माणसाला खिशातलं ओळखपत्र पुरतं. आपल्याला पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, तोही मूळ. नाका उठला की तपासणी रस्त्यावरून उठून माणसाच्या चेहऱ्यावर येते, आणि कुणाचा चेहरा थांबवायचा ते समोरचा ठरवतो.

कागदांशी आमचं वैर तसं जुनं. दहावीच्या प्रमाणपत्रावर शेख आधी, आधारवर शेवटी. इंग्रजीत कुठे 'ई', कुठे 'ए'. पासपोर्टवर जन्मस्थळ औरंगाबाद, कंपनीच्या पत्रावर छत्रपती संभाजीनगर. 2023 मध्ये नाव बदललं, असा खुलासा वेगळ्या कागदावर जोडला होता. व्हिसा मिळाला तेव्हा अम्मीनं शेजारी पेढे वाटले.

दादांना, म्हणजे अब्बांच्या वडिलांना, यातलं काही लागलं नाही. सीमा मात्र तेही ओलांडायचे. 1948 पर्यंत आपलं वाळूज निजामाच्या राज्यात होतं आणि नगरच्या रस्त्यावर कायगाव-टोक्याला गोदावरी ओलांडली की इंग्रजांचा मुलूख लागायचा. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. सात हालींना साधारण सहा कलदार. माल असला की करोडगिरी भरावी लागे. दादा सांगायचे, नाक्यावरचा शिपाई गाठोडं सोडायला लावायचा, तंबाखू शोधायचा, कधी चिमूटभर काढूनही घ्यायचा. पण तू कोण, कुठला, हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर दाखवायला दादांकडे काही नव्हतंच. जन्मतारीखसुद्धा 'मोठ्या पुराच्या साली' अशी.

म्हणून जुना काळ चांगला होता असं मी म्हणणार नाही. चिमूटभर तंबाखू गेली तरी ती गरिबाचीच जात होती.

घरी आल्यावर सगळा किस्सा सांगितला. अब्बा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "गलती मेरी थी बेटा." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं आणि फलाटावरच्या त्या तासापेक्षा ते जास्त लागलं. अम्मी उठून आत गेली आणि कपाटातून हजची पिशवी घेऊन आली. गळ्यात अडकवायची, चेनवाली, चाळीस दिवस दोघांनी पासपोर्ट छातीशी धरून काढले होते ती. म्हणाली, आंघोळीलासुद्धा काढायची नाही.

मार्चमध्ये पुन्हा जावं लागलं तेव्हा ती स्वेटरच्या आत होती. त्या महिन्यात साल्झबुर्गला दोनदा गेलो. दोन्ही वेळा कुणी काही विचारलं नाही.