भुताचे डोळे वाकडेच बसू देत

प्रिय मनू,

काल रात्री तुझा निरोप वाचला आणि मग बराच वेळ झोप लागेना. शनिवारी पिल्लूच्या वर्गातली चार मुलं घरी येणार, त्याला हॅलोविनसाठी स्वतःच्या हातांनी भुतांची चॉकलेटं करायची आहेत, आणि तू दोन तास व्हिडिओ बघून शेवटी लिहितेस, "मावशी, मला नाही जमायचं, विकतच आणते." विकत आणू नकोस गं. फोनवर सांगायला बसले तर निम्मं राहून जाईल, म्हणून लिहूनच काढते.

त्या व्हिडिओतल्या बाई संगमरवरावर चॉकलेट पसरत होत्या, थर्मामीटर लावून बघत होत्या, त्यानेच तू घाबरलीस ना? त्या करतात ते खरंच आहे आणि त्यामागचं कारण तुला आपल्या घरातूनच कळेल. आजीचं तूप आठव. कढवून झालं की ती पातेलं एका कोपऱ्यात ठेवायची आणि कुणाला हलवू द्यायची नाही. सावकाश निवलेलं तूप रवाळ व्हायचं. घाईने थंड केलं की तेच तूप मेणासारखं थिजायचं. तूप एकच, पण थिजायच्या तऱ्हा निराळ्या. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर असंच सहा तऱ्हांनी थिजतं, आणि त्यातल्या पाचव्या तऱ्हेनेच ती तुकतुकी येते, तोडताना कट्‌कन आवाज येतो. ती पाचवी तऱ्हा साधायची तर डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत वितळवायचं, ढवळत ढवळत २७-२८ वर आणायचं आणि पुन्हा ३१-३२ वर न्यायचं. यालाच टेम्परिंग म्हणतात. हे चुकलं तर चॉकलेट हाताला चिकटतं आणि एक-दोन दिवसांत त्यावर पांढुरके डाग उमटतात. पाच मुलांच्या गलक्यात हे कुणालाच जमणार नाही, आणि जमवायची गरजही नाही.

पुण्यात माझी ताई दिवाळीला साच्यातली चॉकलेटं करायची, आठवतं? ती कशाची असायची? कंपाउंडची. त्यात कोको बटरऐवजी पाम कर्नलसारखं तेल असतं, त्यामुळे ते वितळवावं, बुडवावं आणि ठेवून द्यावं, आपोआप घट्ट होतं. इथे अमेरिकेत तेच कँडी मेल्ट्स किंवा आमंड बार्क या नावाने मिळतं. चव खऱ्या चॉकलेटची नाही, हे मी मान्य करते. गोडी जास्त आणि कोकोचा कडवट गंध कमी. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच खेपेला जमायला हवं असेल तर हेच आण. एक पांढरं पाकीट, एक काळपट. नारिंगी हवंच असेल तर रंगीतच घे, कारण घरातला केकचा पाणीदार रंग त्यात घातला की सगळं बिघडतं. रंग लागलाच तर तेलातला लागतो. आणि पांढरे 'चिप्स' घेऊ नकोस. ते भट्टीतही आकार टिकवून राहावेत म्हणून केलेले असतात, बुडवण्याइतके पातळ होत नाहीत. पाकिटावर 'व्हाइट चॉकलेट' असं लिहायचं तर इथल्या नियमाप्रमाणे त्यात निदान २० टक्के कोको बटर लागतं. पुष्कळ पांढऱ्या चिप्सच्या पाकिटांवर ते शब्दच नसतात, बघ नीट.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाण्याचा एक थेंबही लागू द्यायचा नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा आपल्या सवयीने उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाडगं ठेवलं आणि वर झाकणही ठेवलं. झाकण उचलताना वाफेचे चार थेंब आत पडले. डोळ्यांदेखत ते तुकतुकीत चॉकलेट आळलं, चमच्याला चिकटून बसलं, ओल्या वाळूसारखं कणीदार झालं. तुझी मावसबहीण तेव्हा चार वर्षांची, हातात प्रेत्झेलची काडी घेऊन स्टुलावर उभी. तिचा चेहरा मला अजून दिसतो. होतं काय, की चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण तुपात भिजून मोकळे फिरत असतात. जरासं पाणी मिळालं की ते एकमेकांना धरून बसतात. तसं झालंच तर टाकून देऊ नकोस, आणखी गरम दूध घालून घोटलं की पुन्हा सैल होतं. बुडवायला कामाचं राहत नाही, पण आइस्क्रीमवर घालायला छान.

म्हणून तू वाफेच्या भानगडीत पडू नकोस. काचेचं कोरडं वाडगं, मायक्रोवेव्ह निम्म्या जोरावर, तीस सेकंद. बाहेर काढून ढवळ. पुन्हा तीस. शेवटचे काही तुकडे तसेच दिसत असतील तेव्हा थांब, ते नुसत्या ढवळण्याने वितळतात. जास्त तापवलं की ते दाटच होत जातं. दाट वाटलं तर चमचाभर खायचं नारळाचं तेल घाल. दूध किंवा लोणी नको, दोन्हींत पाणी असतं. आणि वितळलेलं सगळं उंच पेल्यात ओत. पसरट वाडग्यात काडी बुडवायला निम्मं चॉकलेट वाया जातं, पेल्यात ती उभीच्या उभी बुडते.

काय करायचं? प्रेत्झेलच्या जाड काड्यांच्या ममी कर. काडी पांढऱ्यात बुडवून बटर पेपरवर ठेवायची, घट्ट झाली की प्लास्टिकच्या पिशवीत उरलेलं चॉकलेट भरून कोपरा बारीक कापायचा. मेंदीचा कोन धरतो तसाच. आणि आडवेतिडवे फराटे मारायचे. पट्ट्या वेड्यावाकड्या झाल्या की ममी जास्त खरी दिसते. ओरिओचा कोळी होतो: काळ्यात बुडवायचा आणि ओला असतानाच दोन्ही बाजूंना प्रेत्झेलच्या बारीक काड्यांचे चार-चार पाय खोचायचे. जाळं करायचं असेल तर काळ्यावर पांढऱ्याची गोल गोल वर्तुळं काढून लगेच टूथपिकने मधून बाहेर ओढ. तिथे मात्र हात चालवायला हवा, मिनिटाभरात वरचा थर धरतो.

पण पिल्लूला भुतंच हवीत ना? मग स्ट्रॉबेरी. माझं सगळ्यात लाडकं काम हेच आहे. स्ट्रॉबेऱ्या सकाळीच धुऊन पंच्यावर पसरून ठेव. एकेक कागदी रुमालाने पूस, देठाखालची खोबणही. पुन्हा तेच, पाणी. फ्रिजमधून काढलेल्या थंडगार नकोत, त्यांच्यावर दव धरतं. पिल्लूला पानांचा झुपका चिमटीत धरायला सांग, पांढऱ्यात बुडवून फिरवायला सांग, वर उचलून तीनपर्यंत मोजायला सांग. मग बटर पेपरवर आडवी ठेवायची. आणि बघ, जास्तीचं चॉकलेट टोकाकडून सावकाश ओघळतं आणि कागदावर पसरतं. ती भुताच्या झग्याची शेपूट. ती कुणी काढत नाही, आपोआप होते, आणि प्रत्येक भुताची निराळी होते. मुलं ते ओघळणं श्वास रोखून बघतात. मग टूथपिकच्या टोकाने काळ्या चॉकलेटचे दोन ठिपके आणि खाली एक लांबट ठिपका, म्हणजे तोंड. त्याचा हात हलेल, एक डोळा गालावर येईल. तू पुसून नीट करायला जाऊ नकोस. मी एकदा गेले होते. पोरीने टूथपिक खाली ठेवलं, "मग तूच कर" म्हणाली आणि खोलीत निघून गेली. उरलेली अकरा भुतं मी एकटीने केली. सगळी अगदी सारखी झाली आणि ती त्यातल्या एकालाही हात लावेना. म्हणून सांगते, भुताचे डोळे वाकडेच बसू देत.

मोठ्यांसाठी थोड्या स्ट्रॉबेऱ्या खऱ्या डार्क चॉकलेटमध्ये बुडव. त्या फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपतात, तेव्हा टेम्परिंग नसलं तरी डाग धरायला वेळच मिळत नाही. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, आपल्या अंगाच्या उबेपेक्षा थोडं खाली, म्हणून ते जिभेवर ठेवलं की विरघळतं. ती गंमत कंपाउंडमध्ये नाही.

आता एक गोष्ट जरा जड मनाने लिहिते. ही चॉकलेटं घरी आलेल्या ओळखीच्या मुलांसाठीच. हॅलोविनच्या रात्री दारावर येणाऱ्या मुलांना नाही, आणि वर्गात पाठवायचं असेल तेव्हा आधी शिक्षकांना विचारल्याशिवाय नाही. १९९६ साली मी न्यू जर्सीत नवी होते. कुणी सांगितलं, ३१ ऑक्टोबरला मुलं दार वाजवतात, त्यांना गोड द्यायचं. मी दोन दिवस खपून खोबऱ्याच्या वड्या केल्या, चॉकलेटमध्ये बुडवल्या, चंदेरी कागदात गुंडाळल्या. संध्याकाळभर हौसेने वाटल्या. सगळ्यांनी हसून घेतल्या. सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर काढायला गेले तर पदपथाच्या कडेला माझे चंदेरी कागद पडलेले, वड्या न उघडलेल्या. मी तिथेच उभी राहिले. मग शेजारच्या आजीबाई आल्या, माझा हात धरून म्हणाल्या की यात तुझं काही चुकलेलं नाही, इथे अनोळखी घरातलं घरी केलेलं खाणं कुणी मुलांना देत नाही.

ती भीती सत्तरच्या दशकात घट्ट झाली. १९७४ मध्ये टेक्सासात एक मुलगा हॅलोविनच्या खाऊतल्या विषाने गेला, आणि विष घालणारा निघाला त्याचा स्वतःचा बाप. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या वर्षानुवर्षं तपासल्या. दारोदार फिरणाऱ्या मुलाला अनोळखी माणसाने दिलेल्या खाऊने जीव गेल्याचं किंवा गंभीर इजा झाल्याचं एकही सिद्ध झालेलं उदाहरण त्यांना सापडलं नाही. तरी मी त्या आयांना दोष देत नाही. आईची काळजी आकडे बघून कमी होत नाही. मला वाईट वाटतं ते एवढंच, की शेजारच्या घरातल्या हातची चव या मुलांना मिळत नाही. म्हणून तर तुझ्या घरी येणाऱ्या त्या चार जणांचं मला इतकं मोल वाटतं.

त्या चौघांच्या आयांना मात्र आजच विचार. दूध, अंडी, मासे, कवचाचे मासे, झाडावरचे सुके मेवे, शेंगदाणे, गहू, सोयाबीन, आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ, अशा नऊ गोष्टींचा उल्लेख इथे पाकिटावर सक्तीचा आहे. शेंगदाण्याची बिस्किटं बुडवून छान भुतं होतात, पण या खेपेला नकोत. तुझ्याकडे येणाऱ्यांत एक मुलगी पक्की शाकाहारी आहे म्हणालीस. तर मार्शमेलो घेताना बघ, नेहमीच्या मार्शमेलोत जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून होतं. जिलेटिन नसलेलेही मिळतात. साखरेच्या गोळ्यांवर 'कन्फेक्शनर्स ग्लेझ' लिहिलेलं असेल तर ती लाखेची चमक, बांगड्यांची असते तीच लाख, किड्यापासून आलेली. काही घरांत तीही चालत नाही. आणि सजावटीचे तयार साखरेचे डोळे आणलेस तर ते कुणाच्या धाकट्या भावंडाच्या हाती लागू देऊ नकोस, घशात अडकतात.

खुद्द ३१ तारखेला दारात विकतच्या बंद गोळ्या ठेव, आणि शेजारी दुसऱ्या वाडग्यात पेन्सिली, स्टिकर. त्याजवळ मोरपंखी रंगाचा भोपळा ठेवला की ज्या मुलांना ॲलर्जी असते त्यांना कळतं की इथे आपल्यासाठीही काहीतरी आहे. फूड ॲलर्जी असलेल्यांसाठी काम करणाऱ्या 'फेअर' संस्थेने २०१४ पासून ही पद्धत देशभर नेली. मागच्या वेळी एक मुलगा तो भोपळा बघून धावत आला आणि त्याने पेन्सिलच निवडली, डोळे भरून आले माझे.

ताई फोनवर म्हणाली, दिवाळीच्या तोंडावर घरात भुतं कशाला. तिला सांग, आयर्लंडच्या लोकांची ही जुनी समजूत, की कापणी संपून थंडी सुरू होते त्या रात्री गेलेली माणसं जवळ येतात. ते लोक अमेरिकेत आले तेव्हा सलगम कोरायचे ते भोपळा कोरू लागले. आपण पितृपक्षात पान वाढतो, मग हे आपल्याला इतकं परकं का वाटावं? २०२४ मध्ये नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली होती. पहाटे उटणं लावून अभ्यंगस्नान, संध्याकाळी त्याच ओट्यावर ओरिओचे कोळी. चिरोट्यांच्या ताटाशेजारी ममी मांडल्या होत्या आणि मुलांनी दोन्ही खाल्लं.

मी रविवारी सकाळी निघते, चकल्या घेऊन. पिल्लूला सांग, त्याने केलेली दोन तरी भुतं माझ्यासाठी डब्यात ठेवायची. स्ट्रॉबेरीची नकोत, तिला रात्रभरात पाणी सुटतं. त्याला ओरिओची करू दे.

तुझी,
मावशी