सशाने गोंडा गिळला तेव्हा



परवा जाप झाल्यावर मी माळ पाटावरच ठेवून उठले आणि आमच्या सशाने तिचा सुती गोंडा गिळला. सासूबाई म्हणाल्या, "मिठाचं पाणी पाज, ओकून टाकेल." पण सशाला ओकता येतच नाही. लगेच डॉक्टरांकडे नेला. पोट तपासून ते म्हणाले, "गवत-पाणी समोर ठेवा, लेंड्यांवर लक्ष ठेवा. खाणं किंवा लेंड्या थांबल्या तर मध्यरात्रीही आणा. धागा बाहेर लोंबला तरी ओढू नका."

रात्रभर जागले. पहाटे लेंडीत लाल धागा दिसला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

त्या मुक्या जिवाचा काय दोष? प्रमाद माझाच. आता आधी माळ डबीत, मगच मी उठते.