ईसीजी नॉर्मल आला, तरी

चि. सुहास,


हृदयविकाराच्या झटक्यानंतर बाबा आता जिन्याने एक मजला चढतात, तेव्हा त्यांची काळजी नको. काळजी तुझी आहे. तुझा ईसीजी नॉर्मल आला आणि तू निर्धास्त झालास, असं आई म्हणाली. अरे, धमनीच्या भिंतीत काय साचतंय, ते ईसीजीत दिसत नाही.

नळाला आतून क्षार चढावेत तशी चरबी धमनीत चढते, असा आपला समज. प्रत्यक्षात ती अस्तराखाली, भिंतीतच शिरते. रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल तिथे अडकतं, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात आणि त्या साठ्यावर तंतूंचं आवरण धरतं. सुरुवातीला धमनी बाहेरच्या बाजूला रुंदावून रक्ताची वाट मोकळी ठेवते, त्यामुळे वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. मग कधीतरी ते आवरण फाटतं, गुठळी होते आणि चालता-बोलता माणूस कोसळतो. पुष्कळदा फाटलेल्या जागी आधी फारसा अडथळाही नसतो.

हे म्हातारपणी सुरू होत नाही. कोरियन युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ साली आला. त्यांचं सरासरी वय २२. तरी चारातल्या तिघांच्या हृदयधमन्यांत या आजाराच्या खुणा होत्या. तू तर पस्तिशी ओलांडलीस.

२००४ साली ५२ देशांतल्या लोकांवरचा इंटरहार्ट अभ्यास प्रसिद्ध झाला. तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, सुटलेलं पोट, मनावरचा ताण, फळं-भाज्यांची आबाळ, बैठं आयुष्य ही कारणं जगभर सारखीच निघाली. आपल्या दक्षिण आशियातल्या माणसांना मात्र पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षं आधी येतो, हेही दिसलं. त्यात बाबांना तो पंचावन्नच्या आत आला. वडिलांना इतक्या लवकर आला, तर मुलाचा धोका वाढतो. ते आपल्या हातात नाही. बाकीचं बरंचसं आहे.

म्हणून लिपिड प्रोफाइल, साखर आणि रक्तदाब या आठवड्यातच तपासून घे. आपल्याकडे वारशाने येणारं लायपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं, तेही तपासायला सांग. कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी. गोळी लागते का, हे डॉक्टरांना ठरवू दे आणि दिली तर मनाने बंद करू नकोस. सिगारेट मात्र आजच सोड. त्यासाठी कुठल्याही रिपोर्टची वाट पाहू नकोस.

तुझी,
ताई