भिंतीवरचे चित्र आणि उतारवयातील डोळे

वाचकहो, प्रोजेक्टर हा विषय एका डॉक्टरच्या लेखणीतून आलेला पाहून आपणांस नवल वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत हा विषय माझ्या तपासणीच्या खोलीत वारंवार येऊ लागला आहे. मुले किंवा नातवंडे एखादा स्वस्तातला छोटा प्रोजेक्टर हौसेने घरी आणतात. आजी-आजोबांना नाटक-सिनेमा मोठा दिसावा, हा हेतू. दोन दिवस कौतुक होते, आणि तिसऱ्या दिवसापासून 'फिकट दिसते', 'अक्षरे पुसट आहेत', 'डोळे चुरचुरतात' अशी कुरकुर सुरू होते. मग यंत्र कपाटावर जाते आणि ज्येष्ठ मंडळी माझ्याकडे डोळ्यांत घालायचे थेंब मागायला येतात. पुष्कळदा थेंबांची गरज नसते, चित्रच सुधारायला हवे असते. क्वचित मात्र चित्र निर्दोष असते आणि डोळा तातडीने दाखवायला हवा असतो. हे दोन्ही वेगळे कसे ओळखावे, यासाठी हा लेख.

प्रथम डोळ्याविषयी. वय वाढते तशी बाहुली लहान होत जाते आणि अंधारातही ती पूर्वीसारखी मोठी उघडत नाही. आतले भिंग पिवळसर आणि काहीसे गढूळ होते. परिणामी साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर पोहोचणारा प्रकाश विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच असतो. राखाडीवरचे राखाडी ओळखण्याची क्षमताही उणावते. म्हणून नातू ज्या चित्राला 'मस्त आहे की' म्हणतो, तेच आजोबांना धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते. दोघेही खरेच बोलत असतात. तेव्हा घरातल्या प्रोजेक्टरची जुळवणी कोणाच्या डोळ्यांनी करायची, हे आधी ठरवा. रिमोट तरुणाच्या हाती असू द्या, निवाडा मात्र ज्येष्ठांचा असावा.

स्वस्त यंत्राचे पहिले दुबळेपण म्हणजे उजेड. खोक्यावर हजारोंचा 'ल्युमेन' आकडा छापलेला असतो. त्यावर विसंबू नये. 'एएनएसआय ल्युमेन' असे स्पष्ट लिहिलेला आकडाच कामाचा, कारण तो पडद्यावर नऊ ठिकाणी प्रत्यक्ष मोजून काढतात. स्वस्त यंत्रांत हा आकडा बहुधा काही शेच असतो. एवढा उजेड अख्ख्या भिंतीवर पसरायचा, ही चूक घरोघरी दिसते. शंभर इंची चित्र सत्तर इंचांवर आणा. क्षेत्रफळ जवळपास निम्मे होते आणि तेवढाच उजेड दाटून चित्र दुप्पट तेजस्वी होते. एक पैसाही खर्च न करता होणारी याहून मोठी सुधारणा मला ठाऊक नाही. चित्र लहान झाले असे वाटले, तर खुर्ची दोन हात पुढे घ्यावी.

'फोर-के सपोर्ट' या शब्दांचेही तसेच. यंत्र तो संकेत स्वीकारते, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यक्ष दाखवते ते स्वतःच्या मूळ क्षमतेइतकेच. खरेदी करताना 'नेटिव्ह रिझोल्यूशन' किती, हे विचारावे. तळओळी वाचायच्या असतील तर ते १०८०पी असावे.

पडदा कशाचा? गणेशोत्सवात रस्त्यावर पांढरे कापड ताणून दाखवलेले सिनेमे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. गर्दी झाली की निम्मी मंडळी कापडाच्या मागे बसत आणि तिथूनही सिनेमा दिसे, फक्त उलटा. डावखुरा नायक पाहत आम्ही मोठे झालो. मागच्यांना तो दिसे याचाच अर्थ असा की बराच प्रकाश कापडातून आरपार निघून जाई. घरात चादर बांधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. चादरीला वर सुरकुत्याही असतात. त्यापेक्षा गुळगुळीत, चकाकी नसलेल्या पांढऱ्या रंगाची भिंत उत्तम. ऑईलपेंटच्या चकचकीत भिंतीवर दिव्याचा ठिपका चमकतो आणि मोतीबिंदू सुरू झालेल्या डोळ्यांना तो फार खुपतो. क्रीम किंवा फिक्या हिरव्या भिंतीवर माणसांच्या चेहऱ्यांचा रंग बिघडतो. भिंत रंगवणे शक्य नसेल, तर मागे काळा थर असलेला साधा मॅट पडदा घ्यावा.

आता यंत्र कुठे ठेवायचे ते. स्टुलावर ठेवून खाली पुस्तक सारून तोंड वर करायचे, ही सर्रास रीत. मग चित्र वर रुंद आणि खाली अरुंद होते आणि रिमोटवरचे 'कीस्टोन' दाबून ते चौकोनी केले जाते. वाचकहो, ही सोय दिसते तितकी फुकट नाही. कीस्टोन म्हणजे यंत्र आतल्या आत चित्र आवळून बसवते. त्यात बारकावे गमावतात आणि अक्षरांच्या कडा मऊ पडतात. शक्य तर यंत्र चित्राच्या मध्यासमोर सरळ, भिंतीशी काटकोनात ठेवावे आणि कीस्टोन शून्यावर आणावे. फोकस लगेच लावू नये. यंत्र पंधरा-वीस मिनिटे चालू देऊन तापले की मग लावावा, कारण गरम झाल्यावर तो थोडा सरकतो. स्वस्त भिंगात मध्य आणि कोपरे एकाच वेळी रेखीव येत नाहीत. तेव्हा तळओळी जिथे उमटतात ती जागा आधी स्पष्ट करावी.

या जुळवणीसाठी बऱ्याच यंत्रांत चौकटींची जाळी दाखवण्याची सोय असते. तिच्यामुळे आमच्या घरी काय घडले, ते सांगण्याजोगे आहे. माझ्या सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या, संगीत नाटकांच्या वेड्या. भाच्याने त्यांच्या खोलीत प्रोजेक्टर मांडला, जाळी भिंतीवर टाकली आणि तो एकेक कोपरा सरळ करत बसला. सासूबाईंच्या उजव्या बाजूला उशी होती, तिच्यावर रेलून त्या पाहत होत्या. उशीच्या कोपऱ्याने एक डोळा अर्धवट झाकला गेला होता. त्या म्हणाल्या, "अरे, कोपरे कसले पाहतोस? मधल्या रेघा बघ, पाण्यात काठी बुडवल्यासारख्या मोडल्यात."

भाचा म्हणाला, "आजी, मधल्या तर अगदी सरळ आहेत."

मी हातातले काम टाकून त्यांच्याजवळ गेले. "आई, हा डोळा हाताने झाका आणि आता सांगा." उजवा डोळा झाकला की रेघा वाकत होत्या, डावा झाकला की सरळ. म्हणजे दोष भिंतीत नव्हता, यंत्रात नव्हता. तो डाव्या डोळ्यात होता.

दुसऱ्याच दिवशी आम्ही नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. दृष्टिपटलाचा ओसीटी काढला. निदान झाले ते वयोमानानुसार होणाऱ्या मॅक्युलाच्या ऱ्हासाचे, आणि तोही 'ओल्या' प्रकारचा. मॅक्युला म्हणजे दृष्टिपटलाचा मधला, बारीक पाहण्याचा भाग. त्याखाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून आल्या की त्यांतून द्रव झिरपतो, पटल उचलले जाते आणि सरळ रेषा वाकड्या दिसतात. हा प्रकार आठवड्यांच्या हिशेबाने दृष्टी नेऊ शकतो. डोळ्याच्या आत द्यायच्या इंजेक्शनांनी तो बहुतेकांत रोखता येतो. गेलेले सगळे परत मिळेलच असे नाही. सासूबाईंना सुरुवातीला दर महिन्याला इंजेक्शन घ्यावे लागले. 'डोळ्यात सुई' या शब्दांनी त्या रात्रभर झोपल्या नाहीत; प्रत्यक्षात भूल देणारे थेंब घातल्यावर दाब जाणवला, इतकेच. आज डाव्या डोळ्याने त्यांना चेहरा ओळखता येतो, वर्तमानपत्र वाचता येत नाही. उजवा चांगला आहे.

त्यांना हे आधी का कळले नाही? कारण दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईटाची उणीव झाकून टाकतो. म्हणून साठीपुढच्या प्रत्येकाने, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांनी आणि घरात या विकाराचा इतिहास असणाऱ्यांनी, एकेक डोळा झाकून पाहण्याची सवय ठेवावी. त्यासाठी प्रोजेक्टर लागत नाही. मार्क आम्सलर या स्विस नेत्रतज्ज्ञांच्या नावाने ओळखली जाणारी चौकटींची जाळी कागदावर मिळते. वाचायचा चष्मा लावून, ती साधारण एक फुटावर धरून, मधल्या ठिपक्याकडे पाहावे. रेघ वाकली, तुटली किंवा मध्ये डाग दिसला, तर 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणू नये. डोळ्यांपुढे एकाएकी काळे ठिपके वा विजेसारख्या चमका, किंवा कडेने पडदा ओढल्यासारखे दिसणे, हेही त्याच दिवशी दाखवण्याचे लक्षण. मधुमेह असेल तर तक्रार नसतानाही वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यावे.

याउलट दोन्ही डोळ्यांना सारखेच फिकट, दिव्यांभोवती वलये आणि रंग मळकट दिसत असतील, तर मोतीबिंदूचा संशय घ्यावा. तिथे घाई नसते, पण रिमोटशी झटापट करण्यात वर्ष घालवण्यातही अर्थ नसतो.

डोळ्यांची खात्री झाली की रिमोटकडे वळू. 'डायनॅमिक' किंवा 'व्हिव्हिड' या पर्यायांत उजेड जास्त भासतो, पण चेहरे निळसर पडतात. 'सिनेमा' वा 'वॉर्म' निवडून खोली अंधारी केलेली बरी. 'ब्राइटनेस' वाढवल्याने चित्र उजळते हा गैरसमज आहे. त्याने मुख्यतः काळे राखाडी होते. काळ्या कोटातले किंवा अंबाड्यातले दृश्य थांबवून ब्राइटनेस इतका उतरवावा की काळे काळे दिसेल, पण केसांची ठेवण हरवणार नाही. मग पांढऱ्या धोतराचे दृश्य घ्यावे आणि धोतराच्या चुण्या दिसेनाशा होण्याच्या किंचित अलीकडे 'कॉन्ट्रास्ट' थांबवावा. 'शार्पनेस' कमीच ठेवावा. तो वाढवला की कडांना पांढरी झालर येते. जुने मराठी चित्रपट चौकोनी चौकटीचे आहेत. ते ताणून रुंद करू नयेत. माणसे बुटकी आणि स्थूल दिसतात.

खोली अंधारी हवी असे म्हटले, पण मिट्ट काळोख मात्र नको. वृद्ध डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो आणि मध्येच लघवीला उठलेला माणूस वायरीत पाय अडकून पडतो. खुब्याचे हाड मोडलेले असे रुग्ण मी पाहिले आहेत. खिडकीचे पडदे जाड असावेत, पण न्हाणीघराच्या वाटेवर जमिनीलगत एक मंद पिवळा दिवा जळत राहू द्यावा. तो पडद्यावर पडता कामा नये. वायरी भिंतीच्या कडेने चिकटपट्टीने बसवाव्यात. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी दोन तास बसून झाल्यावर एकदम उभे राहू नये. आधी पाय हलवावेत, मिनिटभर काठाशी बसावे. चित्राचा मध्य बसलेल्या डोळ्यांच्या पातळीत असावा, नाहीतर प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून पाहण्यासाठी मान सतत वरखाली करावी लागते. आणि नातवंडांना यंत्राच्या भिंगात डोकावू देऊ नये.

शेवटची बाब आवाजाची. छोट्या प्रोजेक्टरचा पंखा घरघरतो आणि त्याचा स्पीकर असतो प्रेक्षकाच्या मागे किंवा कडेला. उतारवयात आधी बारीक स्वरातली व्यंजने ऐकू येईनाशी होतात. 'स', 'फ', 'त' गळून पडले की संवाद नुसता गुणगुणाट वाटतो. आवाज वाढवल्याने पंखा झाकला जातो, शब्द उलगडत नाहीत. एक साधा बाहेरचा स्पीकर तारेने जोडून पडद्याखाली, ज्येष्ठांच्या समोर ठेवावा. सासूबाईंच्या खोलीत तो आता त्यांच्या पायथ्याशीच असतो. रविवारी दुपारी नाटक लागले की नांदी संपायच्या आत, उजवा-डावा डोळा आळीपाळीने झाकून, त्या रंगमंचाच्या कमानीची कड एकदा पाहून घेतात.