दोरीला सात गाठी

मुलांनो, गेल्या जानेवारीत आमच्या चौथीच्या वर्गाची सहल वेरूळला निघाली होती. आठव्या शतकात कारागिरांनी एकाच कातळात वरून खाली खोदत नेलेलं ते कैलास लेणं! महिनाभर आम्ही चित्रं चिकटवत होतो. पण पहाटे पाचला येणारी गाडी उगवली साडेनऊला. आता वेरूळ गाठून रात्री परतणं शक्यच नव्हतं. मुलांचे चेहरे एवढेसे झाले. पालकांनी पै-पै साठवून पैसे भरलेले. मला काही सुचेना.

तेवढ्यात ड्रायव्हरकाका म्हणाले, "बाई, निघोजला चला की. शिरूरवरनं जवळच आहे. तिथं नदीनंच लेणी कोरल्यात!"

निघोज हे पारनेर तालुक्यातलं गाव. मळगंगा देवीच्या देवळाजवळ कुकडी नदीचं पात्र आहे. ही नदी नाणेघाटाच्या बाजूला उगम पावते. इथे तिच्या पात्रात काळ्याभोर खडकाला जागोजागी खोल, गोल खळगे पडले आहेत. अगदी रांजणासारखे, म्हणून नाव रांजणखळगे. कडा इतक्या गुळगुळीत, की जणू कुणी पॉलिश केलं आहे!

"बाई, हे किती खोल असतील?" लगेच प्रश्न आला. मोजपट्टी कुठे होती? वेरूळची पुस्तिका तेवढी होती! मग डबे बांधलेली दोरी सोडली. एकानं कंपासमधली १५ सेंटिमीटरची पट्टी काढली. दोन पट्ट्यांवर एक, अशा गाठी मारल्या. टोकाला दगड बांधला. खडक निसरडा, म्हणून मुलांना लांब बसवलं. मी नि काका पालथे पडून कडेशी सरकलो. दोरी वर आली तेव्हा सात गाठी भिजल्या होत्या. सात गुणिले तीस, म्हणजे २१० सेंटिमीटर पाणी! "बाई, तुम्हीसुद्धा बुडाल!" मुलं ओरडली.

पण खळगे पडले कसे? एका मुलीनं आपला स्टीलचा डबा पुढे केला. त्यात पाणी, मूठभर वाळू नि चार खडे टाकून चमच्यानं गरगर फिरवलं. पाणी ओतल्यावर तळाशी गोल गोल चरे दिसले. पुराच्या पाण्यातही असंच होतं. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे एकाच जागी गरगरतात, खडक झिजवतात आणि स्वतःही झिजतात. हा बेसाल्ट खडक साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वेरूळचं लेणंही याच जातीच्या दगडात आहे.

"म्हणजे बाई," मागून एक जण म्हणाला, "नदीकडं पण छिन्नी-हातोडा नव्हता. जवळ होते त्या दगडांवरच तिनं भागवलं!"

मी गप्पच झाले. महिनाभर शिकवूनही मला हे सुचलं नसतं.

परतताना ती मुलगी मात्र रडवेली झाली होती. नव्या डब्याला चरे पडलेले. आईला काय सांगायचं? मी तिच्या वहीत चिठ्ठी लिहिली, 'डबा बाईंनी खराब केला. पण आत काय दिसतं ते तिलाच विचारा.' दुसऱ्या दिवशी आई स्वतः शाळेत आली. मला वाटलं, आता बोलणी बसणार! तर ती म्हणाली, "बाई, ते रांजण मलापण बघायचेत."

यंदा पुन्हा वेरूळचा बेत आहे. बरोबर न्यायच्या वस्तूंची यादी मुलांनीच केली. पहिली वस्तू, दोरी!